ट्रॉलीवरचा दोर: घट्ट कसायचा, हवा तेव्हा सोडायचा

कापसाची ट्रॉली वावरातून निघते तेव्हा दोर तारेसारखा ताठ असतो. पांदण रस्त्याचे दोन-तीन किलोमीटर हादरे बसले की कापूस दबतो आणि तोच दोर लोंबायला लागतो. गाठ चुकली असं नसतं, माल बसलेला असतो. म्हणून माल बांधताना गाठ मारायची ती रस्त्यात पुन्हा एकदा कसायची आहे या हिशेबानेच. निरगाठ मारून ठेवली तर ती दातांनी नाहीतर पान्याने उकलत बसावं लागतं. तेवढा वेळ कोणी देत नाही आणि गाडी ढिल्या दोरानेच जिनिंगपर्यंत जाते. ताण असेपर्यंत हलू नये आणि टोक ओढलं की मोकळी व्हावी, अशी गाठ हवी.

आधी दोर बघा. बाजारात ‘नायलॉन’ म्हणून मिळणारा पुष्कळसा दोर नायलॉन नसतोच, पॉलिप्रॉपिलीनचा किंवा तशाच दुसऱ्या प्लास्टिकचा असतो. वीतभर तुकडा बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवून सोडा. वर तरंगला तर प्लास्टिक, तळाशी गेला तर नायलॉन असू शकतो. नायलॉन ताणला की लांबतो आणि माल बसल्यावर थोडा आखडून ताण टिकवतो. प्लास्टिकचा दोर गुळगुळीत असतो, त्यात गाठ घसरते, म्हणून प्रत्येक गाठीला एक वेढा जास्त द्यायचा आणि टोक वीतभर तरी बाहेर ठेवायचं. उन्हात पडून राहिलेल्या दोरावरून हात फिरवल्यावर पांढरी भुकटी किंवा कुसळं हाताला लागली, तर तो दोर मालावर घालू नका. अंबाडीचा किंवा काथ्याचा दोर दवाने भिजला की आखडतो आणि वाळला की ढिला पडतो. पहाटे बांधलेला असा दोर दहा वाजता पुन्हा बघावा लागतो.

ट्रॉलीसाठी 10 ते 12 मिलिमीटर जाडीचा दोर घ्या. बारीक दोर हाताला कापतो आणि कट्ट्यांनाही, म्हणजे पोत्यांनाही, चिरतो. लांबीचा हिशेब सोपा आहे. ट्रॉली 6 फूट रुंद आणि हुकापासून मालाच्या माथ्यापर्यंत 8 फूट असेल, तर 8, 6 आणि 8 मिळून 22 फूट. गाठींना 8 फूट धरा, म्हणजे एका आडव्या दोराला 30 फूट. असे किमान तीन दोर लागतात. एकच लांब दोर नागमोडी फिरवला तर तो एका जागी तुटल्यावर सगळाच माल मोकळा होतो.

ताणाची गाठ

हिला ट्रकर्स हिच म्हणतात. नाव माहीत नसलं तरी मेटाडोरवाल्यांच्या हातात ती बसलेली असते.

पलीकडच्या हुकाला दोराचं टोक पक्कं करा. त्यासाठी हुकाभोवती दोन पूर्ण वेढे घ्या आणि ताणलेल्या दोरावर एकाच दिशेने दोन अर्ध्या गाठी मारा. टोक दोराभोवती एकदा फिरवून त्याच वळणाखालून काढलं की एक अर्धी गाठ होते. ओझं वेढे पेलतात, अर्ध्या गाठी फक्त टोक धरून ठेवतात. वेढे न घेता नुसत्या गाठी मारल्या की त्या आवळून दगड होतात.

आता दोर मालावरून अलीकडे टाका आणि हाताने जेवढा ओढला जाईल तेवढा ओढा. हुकाच्या वर दोन-अडीच फुटांवर, छातीच्या उंचीला, दोराला एक पीळ देऊन लहान कडं करा. कड्याच्या खालच्या, म्हणजे मोकळ्या टोकाकडच्या दोराची दुमड घेऊन ती कड्यातून बाहेर काढा आणि आवळा. चार बोटं जातील एवढा फासा राहू द्या. दुमड मोकळ्या टोकाकडूनच घ्यायची. मालाकडच्या दोराची घेतली तर ताण आला की फासा मिटत जातो, आत दोर चिमटतो आणि पुढे काहीच ओढलं जात नाही. “गाठ मारली पण कसत नाही” या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

मोकळं टोक हुकाखालून फिरवून वर आणा, फाशातून ओवा आणि खाली ओढा. कागदावर ताकद तिप्पट होते. दोर हुकावर आणि फाशावर घासतो म्हणून प्रत्यक्षात दुपटीच्या आसपास मिळते, पण कापूस दाबायला तेवढी पुरते. झटके देऊ नका. अंगाचं वजन टाकून एकसारखं ओढा आणि दुसऱ्याला वरचा दोर मालात दाबायला सांगा. तो दाबेल तेवढा ढील तुम्ही लगेच खाली घ्या.

ताण आला की फाशातून वळणारा दोर डाव्या अंगठ्याने तिथेच चिमटीत दाबून धरा. नवख्याचा ताण इथेच निसटतो, कारण तो चिमटी सोडून दोन्ही हातांनी गाठ मारायला जातो. चिमटी न सोडता, फाशाच्या लगेच खाली सगळ्या पदरांभोवती एक अर्धी गाठ घ्या, पण टोक पूर्ण न ओढता दुमडून घ्या, बुटाच्या लेसला घेतो तशी. ही झाली सुरगाठ. तिच्या खाली एक साधी अर्धी गाठ. उरलेला दोर पदरांभोवती गुंडाळून खोचा. चाकाजवळ लोंबणारं टोक चाकात गुंतलं की सगळी बांधणी एका झटक्यात खाली येते.

रस्त्यात कसायचं तेव्हा साधी गाठ काढा, सुरगाठीचं टोक ओढा, फाशाजवळ चिमटी धरा, आणखी वीत-दोन वीत ओढून पुन्हा तशीच बांधा. वरचा फासा सोडायची गरज नसते. मात्र फासा आणि हूक यांच्यात अंतर उरलं पाहिजे. फासा सुरुवातीलाच खाली घेतला असेल तर दुसऱ्यांदा कसताना तो हुकाला टेकतो आणि ओढायला जागाच राहत नाही. कापसाला म्हणूनच फासा थोडा उंच ठेवा. पहिला थांबा डांबरी रस्ता लागताच, दुसरा साधारण 15-20 किलोमीटरवर.

काही ड्रायव्हर फासा वेगळ्या पद्धतीने करतात. दोराची दुमड घेतात आणि तिच्या डोक्यावर वरच्या दोराचा एकच अर्धा वेढा टाकतात. लवकर होते, सोडतानाही चिमटत नाही. पण ताण गेला की ही गाठ आपोआप गळते. कट्टे, विटा अशा न दबणाऱ्या मालाला चालेल. कापूस, कुटार (भुसा), कडबा यांना ती घालू नये.

मालाप्रमाणे बदल

सोयाबीनच्या कट्ट्यांवर दोर कडेलाच खातो. तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा चौघडी गोणपाट दोराखाली घाला. संत्र्याच्या कॅरेटवर दोर काठावरून जाऊ द्या, मधल्या फळांवरून नाही. कुटाराला आधी ताडपत्री किंवा जाळी, मग दोर. ताडपत्रीचा पुढचा काठ मागच्या काठावर यावा, नाहीतर वारा आत शिरून ती फुगते आणि दोरालाही सैल करते.

तुराट्या-पऱ्हाटीचा भारा बांधायला दोराच्या एका टोकाला कायमचा फासा लागतो, तोही न आवळणारा. दोरावर लहान कडं करा, टोकाकडचा पदर वर. टोक कड्यातून खालून वर काढा, मुख्य दोराच्या मागून फिरवा आणि त्याच कड्यातून परत खाली घाला. आवळा, टोक वीतभर ठेवा. आता दोर भाऱ्याभोवती फिरवून या फाशातून ओवा, गुडघा भाऱ्यावर ठेवून उलट दिशेला ओढा आणि सुरगाठ मारा. हाच फासा बैलाच्या गळ्यात घालायलाही योग्य आहे. सरकता फास जनावराच्या गळ्यात कधीच नको, ते बिचकून ओढायला लागलं की गळा आवळतो.

चुंगडीचं तोंड सुतळीने बांधताना दोन वेढे असे घ्या की दुसरा पहिल्यावरून तिरपा जाईल, आणि टोक त्या तिरप्या वेढ्याखालून काढा. एवढीच गाठ बल्लीला, बंडीच्या खुंट्याला पुरते. पोत्याला पुरत नाही, हाताळताना ढिली होते. तिरप्या वेढ्याच्या पोटातच दोन्ही टोकांची एक अर्धी गाठ मारली की ती अशी धरते की शेवटी कापावीच लागते.

दोन दोर जोडायचे असतील तर बुटाच्या लेससारखी उलटसुलट गाठ मारू नका. ताणाखाली ती उलटते आणि सुटते, जाड-बारीक दोरात तर नक्कीच. जाड दोराची दुमड धरा, बारीक दोर तिच्यातून वर काढा, दुमडीच्या दोन्ही पदरांमागून फिरवा आणि स्वतःच्याच पदराखालून खोचा. प्लास्टिकच्या दोराला मागून दोनदा फिरवा. कुठल्याही गाठीने दोराची ताकद सुमारे तिसरा हिस्सा ते निम्मी कमी होते, म्हणून जोड मालाच्या काठावर येऊ देऊ नका.

थ्रेशर, मोटारपंप, लोखंडी नांगर या वस्तूंना दोर पुरा पडत नाही. त्यांना साखळी किंवा रॅचेटचा, म्हणजे दातेरी कळीने कसायचा, पट्टा.

दोर मालावरून फेकण्याआधी वर बघा. वावरातल्या विजेच्या तारा खाली झोल घेतलेल्या असतात आणि उंच भरलेल्या ट्रॉलीवरून त्या हातभरावर येतात. दवाने भिजलेल्या दोरातून वीज उतरते. ट्रॉली तारांपासून पुढे नेऊन मगच बांधा. ओढताना पाठ रस्त्याकडे नको, दोर तुटला तर माणूस सरळ वाहनांपुढे पडतो.

उतरवताना माल कोणत्या बाजूला झुकला आहे ते आधी बघा आणि गाठी उंच बाजूला उभं राहून सोडा. झुकलेल्या बाजूचा दोर सगळ्यात शेवटी, तोही ट्रॉलीच्या टोकाशी उभं राहून. सुरगाठ इथे कामाला येते, खालची साधी गाठ काढली की दुरून टोक ओढलं तरी ती सुटते. मग दोर झटकून, सावलीत वाळवून, वेटोळं करून खुंटीला टांगा.