अलार्म न लावता गाडी लॉक करायचीय? या चुका टाळा

गणपतीच्या मिरवणुकीत नाशिकच्या मेन रोडला ढोल सुरू झाले की आजूबाजूच्या गल्ल्यांत उभ्या काही गाड्या हमखास केकाटायला लागतात. रिमोटने लॉक केलं की अलार्मही लागतो, आणि बाहेरून बसवलेल्या सिस्टिममधला धक्क्याचा सेन्सर ढोलाच्या दणक्यानेही जागा होतो. अशा वेळी नुसतं लॉक करणं योग्यच आहे. पण ते करताना ठराविक चुका होतात.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ‘सायलेंट’ बटणाचा. ॲक्सेसरीवाल्याकडून बसवलेल्या बऱ्याच रिमोटवर आवाज बंद असल्याचं चित्र असलेलं बटण असतं. ते दाबून लॉक केलं की ‘टुक’ आवाज येत नाही, म्हणून लोक समजतात अलार्म बंद झाला. प्रत्यक्षात अनेक सिस्टिममध्ये फक्त तो टुक आवाज बंद होतो, सेन्सर चालूच राहतात.

मग करायचं काय? ड्रायव्हरच्या दाराला चावी घालून फिरवा. बऱ्याच गाड्यांत यामुळे दारं लॉक होतात, अलार्म लागत नाही. बटण-स्टार्टच्या गाडीतही रिमोटच्या पोटात लोखंडी चावी असते. कुलपाचं भोक कधी हँडलच्या टोपणाखाली लपलेलं असतं. तुमच्या गाडीत काय होतं ते मात्र आधी घरीच तपासा. काच खाली घ्या, चावीने लॉक करा, मिनिटभर थांबा आणि आत हात घालून आतल्या हँडलने दार उघडा. सायरन वाजला तर त्या गाडीत चावीनेही अलार्म लागतो. डॅशबोर्डवरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्यावर विसंबू नका, काही गाड्यांत तो इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी रोखायला इंजिन अडवणाऱ्या यंत्रणेचा असतो. आणि चावी फिरवल्यावर बाकीची दारं, डिकी ओढून बघाच. साध्या मॉडेलमध्ये फक्त ड्रायव्हरचंच दार लॉक होतं.

याच्या उलट चूकही सर्रास होते. रिमोटने लॉक केलेली गाडी चावीने उघडली की बऱ्याच गाड्यांत सायरन सुरू होतो, आणि रिमोटचा सेल संपलेला असला की माणूस भर बाजारात भांबावतो. बहुतेक गाड्यांत चावी लावून इग्निशन ऑन केलं की आवाज थांबतो. तरी सेल आधीच बदलून ठेवा. अनेक रिमोटना सीआर २०३२ हा सेल लागतो, तरी जुना काढून नंबर बघून घ्या.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. रामकुंडावर मंडळी दर्शनाला जातात आणि गुडघे दुखतात म्हणून आजींना गाडीत बसवून बाहेरून रिमोट दाबतात. आजींनी दार उघडायला घेतलं की सायरन. काही गाड्यांत तर आतलं हँडलही चालत नाही. कृपा करून असं करू नका. चावी त्यांच्याकडे द्या, काच उघडी ठेवा, आतल्या बटणाने लॉक करायला शिकवा, म्हणजे हवं तेव्हा त्यांना उतरता येईल. लहान मुलाला तर पाच मिनिटंसुद्धा एकटं ठेवू नये. नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो आणि बंद गाडी आतून त्याहून कितीतरी जास्त तापते, तीही लवकर.

अलार्म लागलेला नसला तरी कारखान्यातून आलेला इमोबिलायझर आपलं काम करतोच. चिपवाल्या चावीशिवाय इंजिन सुरू होत नाही. पण काच फोडून बॅग न्यायला इंजिन लागत नाही. लॅपटॉप, पर्स सीटवर ठेवू नका.

विनाकारण वाजणाऱ्या सायरनला कंटाळून फ्यूज काढणं किंवा वायर तोडणं ही शेवटची चूक. त्याच फ्यूजवर हॉर्न किंवा सेंट्रल लॉकही असू शकतं, नव्या गाडीच्या वॉरंटीत अडचण येऊ शकते. शेजाऱ्यांची झोपमोड थांबवायलाच हवी, हे मान्य. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण इलाज मुळावर करा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाचिखलातून आलेल्या गाडीत बॉनेटचा स्विच खराब होतो आणि बॉनेट उघडलंय असं सिस्टिमला वाटतं. दारांचे स्विच, कमजोर बॅटरी, किंचित उघडी राहिलेली काच, आरशाला लटकवलेली माळ, ही बाकीची नेहमीची कारणं. काच आणि माळ स्वतःच बघा, बाकीचं चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. बॉनेटचा स्विच आधी बघायला सांगा.