पाऊस आणि अपधावाचा कल शोधताना

पाणलोट क्षेत्रातला पाऊस आणि अपधाव (पावसाचं नदीतून वाहून जाणारं पाणी) गेल्या काही दशकांत कसा बदलला, हा विषय प्रबंधाला घेतलेल्या विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सॉफ्टवेअर कुठलं वापरू? मी सांगतो, आधी मूळ नोंदी आणि केंद्राचा इतिहास मिळवा. या कामात सगळ्यात जास्त वेळ नोंदी तपासण्यात जातो आणि तो जायलाच हवा.

पर्जन्यमापक थोडा हलवला, शेजारी इमारत उठली, तरी पावसाचा आकडा बदलतो. आसपासच्या केंद्रांच्या संचयी (वर्षागणिक बेरीज करत नेलेल्या) सरासरीसमोर आपल्या केंद्राचा संचयी पाऊस मांडून बघा. रेघ जिथे वाकते, त्या वर्षी तिथे काय घडलं ते शोधा.

नदीचं प्रकरण जास्त नाजूक. विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, रोज प्रत्यक्ष मोजला जात नाही. पातळी वाचतात आणि रेटिंग कर्व्हवरून, म्हणजे कुठल्या पातळीला किती विसर्ग हे सांगणाऱ्या वक्ररेषेवरून, विसर्ग काढतात. एखाद्या मोठ्या पुरानं पात्राचा तळ खरवडला, की त्याच पातळीला आता जास्त पाणी वाहतं. कर्व्ह जुनाच राहिला, तर कागदावर प्रवाह घटतो, नदीत नाही. म्हणून प्रत्यक्ष विसर्गमापनाचे बिंदू वर्षवार रंग देऊन कर्व्हवर टाका. ही आकृती मला कुठल्याही चाचणीहून मोलाची वाटते.

मान-केंडाल चाचणी (कल खरा आहे का ते तपासणारी) आणि सेनचा उतार (कल दरवर्षी किती ते सांगणारा) शिकायला फार वेळ लागत नाही. पण आदल्या वर्षी मुरलेलं पाणी पुढच्या वर्षीच्या प्रवाहात येतं. वर्षं एकमेकांत अशी गुंतली की चाचणीला नसलेला कलही दिसतो. मध्येच धरण झालं असेल तर तो कल नव्हे, पायरी असते. तिथे पायरी कुठल्या वर्षी आली ते शोधणारी पेटिटची चाचणी लावा. शिवाय ओल्या-कोरड्या वर्षांचे लांबलचक पट्टे नैसर्गिकच असतात. जलशास्त्रज्ञ हर्स्ट यांनी नाईल नदीच्या नोंदींवरून हे 1951 मध्येच दाखवलं. तीस वर्षांच्या उतारावर फार मोठं विधान करू नका.

अपधाव मिलिमीटरमध्ये आणा: 1000 चौरस किलोमीटरवर 1 मिमी म्हणजे 10 लाख घनमीटर. मग तुलना सोपी होते. समजा पाऊस 1000 मिमी, त्यातले 700 बाष्पोत्सर्जनात (जमीन आणि झाडांतून वाफ होऊन) गेले, 300 वाहिले. पाऊस 10 टक्के घटला आणि बाष्पोत्सर्जन तेवढंच राहिलं, तर अपधाव 200 वर येतो, म्हणजे तब्बल एक तृतीयांश कमी!

उलट पाऊस जागच्या जागी आणि अपधाव मात्र घटलेला दिसला, तर वरच्या अंगाची धरणं, उपसा, विहिरी, बदललेली पिकं यांची वर्षवार यादी हाती येईपर्यंत हवामान बदलाचं नाव घेऊ नका.