ईशान्येची आठ राज्यं पाठांतर न करता डोक्यात कशी बसवायची

आठ नावं आणि आठ राजधान्या घडाघडा म्हणणारी मंडळी कोरा नकाशा समोर ठेवला की गडबडतात, मणिपूर कुठलं आणि मिझोराम कुठलं तेच कळेनासं होतं, आणि परीक्षेत प्रश्न नेमका तिथेच येतो. यावर माझं म्हणणं एकच, राज्य पाठ करू नका, त्याचे शेजारी लक्षात ठेवा, बाकीचं निम्मं त्यातूनच निघतं.

आधी कागद आडवा घ्या. नकाशा सुबक यायची गरज नाही, वेडावाकडा चालेल. डाव्या कडेला एक चिंचोळी पट्टी काढा, हा सिलिगुडी कॉरिडॉर म्हणजे चिकन नेक, पश्चिम बंगालमध्ये येतो आणि सगळ्यात अरुंद जागी जेमतेम 20-22 किलोमीटर रुंद आहे, एका बाजूला नेपाळ, दुसऱ्या बाजूला बांगलादेश. पट्टीच्या वर एक छोटा चौकोन काढा, ते सिक्कीम. सिक्कीमला भारतातलं एकच राज्य टेकतं, पश्चिम बंगाल, बाकी तिन्हीकडे नेपाळ, चीन आणि भूतान. म्हणजे ईशान्येची बाकीची सात राज्यं, ज्यांना सात बहिणी म्हणतात, त्यांपैकी एकीशीही त्याची हद्द लागत नाही, 'सात बहिणी आणि एक भाऊ' म्हणतात ते उगाच नाही.

आता ब्रह्मपुत्रा काढा, नदी आधी आणि राज्यं नंतर, हा क्रम मोडू नका. कागदाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातून खाली या आणि मग डावीकडे लांबलचक रेघ ओढा. तिबेटात ती यारलुंग त्सांगपो, अरुणाचलात शिरली की सियांग, मग दिबांग आणि लोहित येऊन मिळाल्या की आसामात ब्रह्मपुत्रा, आणि धुबरीकडे वळसा मारून बांगलादेशात गेली की जमुना. या रेघेभोवती जी लांबट पट्टी होते तो आसामचा वरचा भाग, गुवाहाटी, दिसपूर, काझीरंगा, नदीतलं माजुली बेट, सगळं इथेच. पण आसाम इथे संपत नाही, खाली डोंगर ओलांडून बराक खोरं आहे, सिलचर तिकडे, आणि बरेच जण हा तुकडा काढायलाच विसरतात, मग त्रिपुरा आणि मिझोराम आसामला कसे टेकतात ते कळत नाही. आसाम बाकीच्या सहाही बहिणींना टेकतं, ते मधोमध नीट बसलं की उरलेलं काम सोपं.

आसामच्या वर अरुणाचल, सगळ्यात मोठं, 83,743 चौरस किलोमीटर. उजव्या कडेने वरून खाली या, अरुणाचल, नागालँड, मणिपूर, मिझोराम. चौघांच्या पलीकडे म्यानमार. आसामच्या पोटाखाली डावीकडे मेघालय, आणि खाली मिझोरामच्या डावीकडे त्रिपुरा, ज्याला बांगलादेशाने तीन बाजूंनी घेरलंय, आगरतळा तर सीमेला अगदी चिकटून. झाला नकाशा.

आता तीन 'म' चा घोळ सोडवू. मेघालयाला परदेश एकच, बांगलादेश. मणिपूरला पण एकच, म्यानमार. मिझोराम या दोन देशांच्या मध्ये सापडलंय, म्हणून त्याला दोन्ही. एवढं कळलं की तिन्ही आपोआप आपापल्या जागी बसतात.

आणि खरी गंमत पुढे आहे, जी क्लासमध्ये फारशी कोणी सांगत नाही. इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्या भारतीयांना राज्यात शिरायला लागणारा परवाना, लागतं ती चार राज्यं कुठली? अरुणाचल, नागालँड, मणिपूर, मिझोराम, म्हणजे म्यानमारला टेकलेली तीच चार (मणिपूरला ते डिसेंबर 2019 मध्ये लागू झालं, जुन्या पुस्तकात तीनच सापडतील). आणि राज्यघटनेची सहावी अनुसूची, म्हणजे आदिवासी भागांना स्वायत्त परिषदा देणारी, लागू आहे ती चार? आसाम, मेघालय, त्रिपुरा, मिझोराम, म्हणजे बांगलादेशाला टेकलेली चार. दोन्ही याद्यांत नाव एकच, मिझोराम, कारण शेजारी पण दोन्ही त्याचेच. यामागे काही नियम वगैरे नाही, घटनाकारांनी सीमा बघून ठरवलं असं तर अजिबात नाही, पण चार-चार नावं वेगळी घोकण्यापेक्षा हे बरं ना. नागालँड डोंगराळ आणि आदिवासीबहुल म्हणून लोक त्याला सहाव्या अनुसूचीत टाकून मोकळे होतात, त्याच्यासाठी वेगळं कलम आहे, 371 ए. मूळ 371 मध्ये आपला महाराष्ट्र आणि गुजरात आहेत हे पण जाता जाता बघून ठेवा.

राज्याचा दर्जा मिळाल्याची सालं फार नाहीत. नागालँड 1963, मणिपूर-मेघालय-त्रिपुरा एकाच दिवशी 21 जानेवारी 1972 ला, सिक्कीम 1975, मिझोराम आणि अरुणाचल 20 फेब्रुवारी 1987. गोवा पण 1987 चंच, मे महिन्यातलं. शिलाँग आधी आसामची राजधानी होती, मेघालय वेगळं झाल्यावर ती दिसपूरला गेली. बाकी राजधान्या, इटानगर, कोहिमा, इंफाळ, ऐझॉल, आगरतळा, गंगटोक, नकाशावर लिहून टाका, त्यात डोकं घालवू नका.

पावसाचं मात्र नीट समजून घ्या. बंगालच्या उपसागरावरून आलेलं बाष्प सपाट बांगलादेशावरून अडथळा न येता सरकत येतं आणि समोर एकदम खासी टेकड्यांची भिंत. म्हणून प्रचंड पावसाची मौसिनराम आणि चेरापुंजी दोन्ही मेघालयाच्या दक्षिण कडेला आहेत, मौसिनरामची वार्षिक सरासरी 11,800 मिलिमीटरच्या वर. शिलाँग थोडंच आत, तरी तिथे पाऊस कितीतरी कमी, महाबळेश्वर आणि वाईचा जो हिशोब तोच इथे. टेकड्यांचा क्रम पश्चिमेकडून गारो, खासी, जैंतिया, हा विचारतात.

मणिपूरमध्ये एक गोष्ट फोटो शोधून बघाच, लोकटाक तलाव. पाण्यावर गवत, मुळं आणि मातीचे जाड थर तरंगतात, त्यांना फुमदी म्हणतात. पावसाळ्यात पाणी चढलं की त्या वर येतात, उन्हाळ्यात पाणी उतरलं की खाली बसून मुळं तळाच्या मातीतून पोषण घेतात. केयबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान अशाच फुमदीवर आहे आणि संगाई हरीण तिथलंच. हे एकदा चित्र म्हणून डोक्यात गेलं की 'तरंगतं राष्ट्रीय उद्यान' वाला प्रश्न चुकत नाही.

आकाराचा अंदाज यायला एवढं पुरे, आठही राज्यं मिळून साधारण 2 लाख 62 हजार चौरस किलोमीटर, एकटा महाराष्ट्र 3 लाख 7 हजारच्या पुढे. पण लांबी फसवते. मुंबई साधारण 73 रेखांशावर, दिब्रुगड 95 वर, 22 अंशांचा फरक, एका अंशाला 4 मिनिटं म्हणजे जवळपास दीड तास, आणि घड्याळ दोन्हीकडे एकच. म्हणून डिसेंबरात तिकडे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि आसामच्या चहामळ्यांत घड्याळ तासभर पुढे ठेवायची पद्धत आहे, त्याला बागान टाइम म्हणतात. फिरायला जाणाऱ्यांनी दिवसाचा प्लॅन पहाटेपासून धरा, आणि वरच्या चार परमिटवाल्या राज्यांत जायचं असेल तर ऑनलाइन अर्ज तिकीट काढतानाच करून टाका.

दोन दिवसांनी नकाशा न बघता परत काढा. अडलात तर बहुतेक बराक खोऱ्यातच अडाल, तेवढाच भाग पुन्हा गिरवा.