एममॅप वापरताना या चुका टाळा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी लिहिलेला आमचा प्रोग्रॅम दिवसभर नीट चालायचा आणि मध्यरात्री आडवा व्हायचा. निरोप एवढाच: 'बस एरर'. आम्ही रॅमसुद्धा बदलून पाहिली! भट्टीच्या तापमानाची लॉग फाइल एममॅपने (फाइल थेट प्रोग्रॅमच्या मेमरीत दाखवणारा सिस्टिम कॉल) मॅप केलेली, आणि रात्री लॉगरोटेट (लॉग फाइली आवरणारं टूल) 'कॉपीट्रंकेट'ने, म्हणजे प्रत काढून, तीच फाइल रिकामी करत होतं.

मॅपिंग म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद. नोंद झाली म्हणून जमीन ताब्यात येत नाही. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मेमरीतल्या पत्त्यांचा पट्टा तुमच्या नावावर लावतो. प्रत्यक्ष पान (मेमरीचा ठरावीक मापाचा तुकडा) सहसा पहिल्यांदा हात लावाल तेव्हा, पेज फॉल्ट झाल्यावर, म्हणजे पान जागेवर नाही हे कर्नलला कळल्यावर मिळतं. मधेच कोणी फाइल आखूड केली तर नोंद राहते, खाली जमीन नसते. तिथे येतो सिगबस, म्हणजे 'बस एरर'चा सिग्नल. सेगफॉल्ट येतो तो नोंदच नसेल किंवा परवानगी नसेल तर. ही दोन दुखणी एकच समजून आम्ही दोन रात्री जागलो.

५,००० बाइटची फाइल आणि ४,०९६ चं पान घ्या. ५,००० ते ८,१९१ पर्यंत वाचलंत तर शून्यं मिळतात, लिहिलंत तर फाइलमध्ये पोचत नाही, आणि तक्रार कोणीच करत नाही. मॅपिंग त्यापुढेही असेल तर ८,१९२ ला मात्र सिगबस. शेअर्ड मेमरीचं (अनेक प्रोसेसनी मिळून वापरायच्या मेमरीचं) तेच: शेम-ओपनने नवा केलेला ऑब्जेक्ट शून्य लांबीचा असतो, आधी एफट्रंकेटने लांबी ठरवा.

मॅपिंग ठरलेल्या पत्त्यावरच हवी असं सांगणारा एममॅपचा पर्याय, मॅप-फिक्स्ड, तर सरळ दुसऱ्याच्या बांधावर नांगर घालतं. त्या पत्त्यावर आधीची मॅपिंग असेल तर न विचारता पुसून टाकतं, मग ती एखाद्या लायब्ररीची का असेना. लिनक्स ४.१७ पासून (२०१८) मॅप-फिक्स्ड-नोरिप्लेस आहे. ते जागा अडलेली असेल तर चूक परत करतं. तेच वापरा.

बारीकसारीक: अपयशी एममॅप नल (रिकामा पत्ता) देत नाही, उणे एक देतं. ऑफसेट (फाइलमध्ये कुठून सुरुवात करायची तो आकडा) पानाच्या पटीत हवा. प्रायव्हेट मॅपिंगमधलं लिखाण फाइलपर्यंत जात नाही. फाइल क्लोज केली तरी मॅपिंग सुटत नाही, त्यासाठी मुनमॅप.

आणि रॅम रिकामी असूनही 'मेमरी नाही' आलं, तर प्रॉकमधल्या (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या) त्या प्रोसेसच्या मॅप्स फाइलच्या ओळी मोजा, एक ओळ म्हणजे एक मॅपिंग. लिनक्स कर्नलची मूळ मर्यादा दर प्रोसेसला ६५,५३० मॅपिंगची असते.