दुरंगी पानांची तगर कशी वाढवावी

तगरीचे पांढरे फूल सर्वांच्या ओळखीचे असते. परंतु हिरव्या पानाला दुधी-पिवळसर कड असलेली दुरंगी तगर बागेत असेल, तर बहर नसलेल्या दिवसांतही तिचा कोपरा उजळलेला दिसतो. साध्या तगरीसारखीच ही वाढेल असे समजून पुष्कळ जण ती लावतात, आणि पुढे एक तर पाने करपतात, नाही तर पाहता पाहता सगळे झुडूप हिरवे होऊन बसते. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसल्यामुळे तो भाग अन्न तयार करत नाही आणि उरलेल्या हिरव्या भागावरच सगळ्या झुडपाचा भार पडतो, ही एक गोष्ट ध्यानात घेतली की तिची निगा कशी राखायची हे आपोआप उलगडत जाते.

जागा निवडताना सकाळचे चार-पाच तास ऊन आणि दुपारनंतर हलकी सावली मिळेल असे पाहावे. भर दुपारच्या उन्हात पांढऱ्या कडा तपकिरी पडतात, तर दाट सावलीत पानांचा रंग फिका होतो आणि कळ्याही मोजक्याच धरतात. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण पाण्याचा निचरा उत्तम करते. कुंडीत लावायची असल्यास बारा इंचांहून लहान कुंडी घेऊ नये. वरची दोन बोटे माती कोरडी झाल्यावरच भरपूर पाणी द्यावे. या झुडपाची वाढ सावकाश असल्याने त्याला पाणीही कमी लागते, आणि मुळे सतत ओली राहिली तर ती कुजतात. खताचेही तसेच आहे. नत्राचा मारा केल्यास मऊ, लुसलुशीत पालवी फुटते, पण फुले मागे पडतात, म्हणून दीड-दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत पुरेसे आहे.

खरी नजर ठेवायची ती हिरव्या फुटव्यांवर. एखाद्या दिवशी झुडपाच्या मध्यातून एक फांदी इतरांपेक्षा सरळ आणि जोमाने वर आलेली दिसते, आणि जवळून पाहिले तर तिच्या एकाही पानाला पांढरी कड नसते. ती फांदी सुंदर दिसते, तिला हात लावावासा वाटत नाही, पण तिच्याकडे जास्त हरितद्रव्य असल्यामुळे ती काही महिन्यांत दुरंगी फांद्यांना झाकून टाकते. अशी फांदी अर्ध्यात न छाटता, जिथून फुटली आहे त्या सांध्यापाशीच काढून टाकावी, कारण मागे राहिलेल्या खुंटावरच्या डोळ्यांतून पुन्हा हिरवेच फुटवे येतात.

एरवीची छाटणी बहर ओसरल्यावर हलक्या हाताने करावी; फुले नव्या शेंड्यांवर येत असल्यामुळे फांद्यांची टोके खुडली की झुडूप डेरेदार होते आणि पुढचा बहरही भरघोस येतो. कापल्या जागेतून निघणारा पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि कात्री लगेच धुवावी. पाने एका रात्रीत कुरतडलेली दिसली, तर मानेजवळ निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके असलेली जाड हिरवी अळी पानांआड शोधावी. ती हाताने वेचून काढता येते, फवारणीची गरज सहसा पडत नाही.

नवीन रोपे बियांपासून करू नयेत, कारण त्यांत हा दुरंगीपणा उतरत नाही. दोन्ही रंग सारखे असलेल्या, अर्धवट जून फांदीचे दहा-पंधरा सेंटिमीटर लांबीचे छाटकलम घ्यावे, चीक थांबेपर्यंत त्याचे टोक पाण्यात धरावे, वरची दोनच पाने ठेवून ते ओलसर वाळूत सावलीत खोचावे आणि नवी पालवी नीट दुरंगी आल्याची खात्री झाल्यावरच ते मोठ्या कुंडीत हलवावे.