रात्री दोनची भूक: टाइप वन डायबेटिस असेल तर आधी बोट, मग डबा

टाइप वन असलेल्या माणसाला रात्री दोनला लागणारी भूक एकाच जातीची नसते. शुगर घसरली तरी भूक लागते, चढली तरी लागते, आणि शुगर जागच्या जागी असताना नुसत्या जागरणानंही लागते. तिन्ही वेळा पोटात सारखंच कालवतं, उपाय मात्र एकमेकांच्या उलटे आहेत. म्हणून भडंगाच्या डब्याला हात लावायच्या आधी मीटरला लावायचा. अंदाजावर जाऊ नका. बरीच वर्षं इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये घाम, थरथर, धडधड ही लक्षणं बोथट होत जातात, आणि अर्धवट झोपेतल्या माणसाचा अंदाज तर अजिबात भरवशाचा नसतो.

बोट टोचण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. गुऱ्हाळं सुरू असतात त्या दिवसांत हे जास्तच सांभाळायला हवं. बोटाला गुळाचा किंवा काकवीचा चिकटा राहिला असेल तर मीटर खऱ्यापेक्षा बराच मोठा आकडा दाखवतो, आणि त्यावर विसंबून इन्सुलिन घेतलं की शुगर खरोखरच खाली जाते. उठून हात धुणं जिवावर येत असेल तर ओल्या फडक्यानं बोट पुसा, कोरडं करा, पहिला थेंब पुसून टाका आणि दुसऱ्यावर तपासा.

आकडा ७० च्या खाली (सगळे आकडे mg/dL मध्ये)

१५ ग्रॅम साखर, लगेच. म्हणजे साधारण तीन ते चार सपाट चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर, अर्ध्या पेला पाण्यात. हे दिवसाच मोजून ठेवायचं काम आहे. छोट्या स्टीलच्या डब्या घ्या, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर प्रत्येकीत १५ ग्रॅम भरा आणि दोन डब्या पाण्याच्या तांब्याशेजारी, अंधारात हाताला लागतील अशा ठेवा. लहान मुलांना वजनाच्या दर किलोला ०.३ ग्रॅम धरतात, म्हणजे २० किलोच्या मुलाला ६ ग्रॅम. त्याची डबी वेगळी भरा.

१५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खालीच असेल तर दुसरी डबी. आकडा ५४ च्या खाली असेल तर साखर तोंडात टाकतानाच घरातल्या कुणाला तरी हाक मारा, एकट्यानं निभावून नेऊ नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो या १५ मिनिटांत. शुगर वर यायला लागली तरी भूक लगेच शमत नाही. मग माणूस बिस्किटांचा पुडा संपवतो, वर केळी खातो, आणि सकाळी मीटर ३०० दाखवतो. मोजलेल्या डब्या त्यासाठीच आहेत: डबी संपली की हात थांबवायचा आणि घड्याळाकडे बघायचं. पेढा, चॉकलेट किंवा सायीचं दूध या वेळी कामाचं नाही, कारण स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. कोल्हापूरच्या गंगावेशीतलं धारोष्ण म्हशीचं दूध कितीही ताकदीचं असलं तरी लो झाल्यावर, म्हणजे शुगर घसरल्यावर, ते औषध नव्हे. गुळाचा खडा चघळत बसण्यापेक्षा साखरेचं पाणी बरं.

आकडा ७० च्या वर आला की झोपण्याआधी हळू पचणारं थोडं खा: पाव ज्वारीची भाकरी दह्याबरोबर, किंवा कपभर दूध बिनसाखरेचं आणि एक मारी बिस्किट. दोन्हींतून साधारण १२ ते १५ ग्रॅम कर्बोदकं मिळतात. लो भरून काढायला घेतलेल्या साखरेसाठी इन्सुलिन घ्यायचं नसतं.

आकडा २५० च्या वर

रक्तात साखर भरपूर, पण इन्सुलिन कमी पडल्यानं ती पेशींत शिरत नाही. शरीराला उपाशी असल्यासारखं वाटतं, तहान लागते, लघवीला उठावं लागतं आणि झोप मोडते. इथे खाल्लं तर शुगर आणखी चढते. दोन पेले पाणी प्या, लघवीतले कीटोन (इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं) पट्टीनं तपासा. पट्ट्या केमिस्टकडे मिळतात, डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा, कारण उघडल्यावर त्या फार काळ टिकत नाहीत. कीटोन मध्यम किंवा जास्त असतील आणि सोबत उलटी, पोटदुखी किंवा धापा टाकल्यासारखा खोल श्वास असेल तर सकाळची वाट बघू नका. कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो वा घराजवळचं हॉस्पिटल, रात्रीच गाठा. खाल्लं नाही म्हणून बेसल (जेवणाशी संबंध नसलेलं, दिवसरात्र हळू चालणारं) इन्सुलिन कधीही चुकवू नका.

कीटोन नसतील तर आधी एक प्रश्न: जेवणाचं इन्सुलिन कधी घेतलं? रॅपिड इन्सुलिन सुमारे चार तास काम करतं, साधं रेग्युलर सहा ते आठ तास. दहाला जेवताना घेतलेलं रेग्युलर रात्री तीनलाही अंगात असतं. त्यावर पुन्हा इन्सुलिन चढवलं की पहाटे दोन्ही डोस एकत्र लागू पडतात. आपल्या इन्सुलिनचा हा काळ उलटून गेला असेल तर डॉक्टरांनी ठरवून दिलेलंच करेक्शन, म्हणजे चढलेली शुगर उतरवायचा डोस, घ्या (रात्रीसाठी ते बहुतेकदा दिवसापेक्षा कमी सांगतात) आणि तीन तासांनंतरचा गजर लावा.

रविवारी रात्री तांबडा-पांढरा झाला की हा आकडा हमखास दिसतो. मटणातली चरबी, पांढऱ्या रश्शातलं नारळाचं दूध आणि काजू यामुळे पोट हळू रिकामं होतं. झोपताना शुगर छान दिसते आणि एक-दोनच्या सुमारास चढते. अशा जेवणासाठी डोस दोन भागांत घ्यायचा का, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. मनानं जादा डोस घेऊ नका, कारण तो पहिल्या दोन तासांतच खाली खेचेल. तिखट रश्श्यावर लगेच आडवं झालं की छातीत जळजळतं आणि ती जळजळसुद्धा भूक म्हणून खपून जाते. साडेआठला जेवा, अकराला झोपा.

आकडा मधलाच असेल

७० ते १०० मध्ये असाल आणि सकाळपर्यंत झोपायचं असेल तर वर सांगितलेलं पाव भाकरी-दही घ्या. १८० ते २५० मध्ये असाल तर आधी पाणी प्या, इन्सुलिनचा हिशेब वरचाच. १०० ते १८० मध्ये असाल तर दहा मिनिटं थांबा. भूक टिकली तर उकडलेलं अंडं, ५० ग्रॅम पनीर, मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा काकडी आणि ताक. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत जेमतेम पाच ग्रॅम कर्बोदकं. तेवढ्याच वजनाच्या चुरमुऱ्यांत वीसच्या वर, आणि भडंग ३० ग्रॅमवर कधी थांबत नाही हे कोल्हापुरात सांगायला नको. भडंग खायचंच असेल तर वाटीत मोजून घ्या, डबा मांडीवर घेऊन नाही.

मात्र लो होऊ नये म्हणून रोज रात्री खावंच लागत असेल तर दोष भुकेचा नाही, डोसचा आहे. संध्याकाळी घेतलेलं एनपीएच (मध्यम मुदतीचं इन्सुलिन) किंवा ३०/७० या मिश्र इन्सुलिनमधला त्याचा भाग साधारण चार ते दहा तासांनी जोर धरतो, म्हणजे नेमका मध्यरात्री ते पहाटे. डोस कमी करणं, त्याची वेळ बदलणं किंवा सपाट चालणारं बेसल घेणं, यातलं काय ते डॉक्टर ठरवतील. इन्सुलिनला पोसण्यासाठी माणसानं खात राहायचं, ही पद्धत आम्हाला साफ अमान्य आहे. वजन वाढतं आणि झोपही जाते.

संध्याकाळी फुटबॉल किंवा तालमीत घाम गाळला असेल तर त्याचा परिणाम रात्रभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. स्नायू रक्तातली साखर ओढत राहतात. अशा दिवशी झोपताना शुगर १३० च्या आत असेल तर १५ ग्रॅम कर्बोदकं खाऊन झोपा आणि तीनला एकदा तपासा. दारू घेतली असेल तर धोका आणखी मोठा: यकृत दारू निस्तरण्यात गुंततं आणि साखर सोडायचं काम मागे पडतं. उपाशीपोटी तर नाहीच.

झोप

एक रात्र अपुरी झोप झाली तरी दुसऱ्या दिवशी इन्सुलिन कमी लागू पडतं आणि भूक वाढते. त्यामुळे झोपेला शुगरइतकंच महत्त्व द्या.

लो होईल या भीतीनं रोज टक्क जागं राहण्यापेक्षा तीन रात्री नीट हिशेब मांडा: झोपताना, तीनला आणि उठल्यावर. तीनला आकडा ठीक पण सकाळी वर असेल तर पहाटेची संप्रेरकं कारण आहेत. झोपल्यापासून चढतच गेला तर जेवण किंवा कमी पडणारं बेसल. तीनला खाली असेल तर डोस किंवा व्यायाम. हा कागद डॉक्टरांपुढे ठेवला की बोलणं मुद्द्याचं होतं. सतत शुगर मोजणारा सेन्सर लावत असाल तर ज्या कुशीवर झोपता त्या दंडावर नको. दंड दाबला गेला की सेन्सर खोटं लो दाखवतो आणि गजर वाजतो. अशा वेळी साखर खाण्याआधी बोट टोचून खात्री करा. गजराला उठायची पाळी घरात वाटून घ्या. आईनंच रोज जागायचं असं नाही.

बाकीचं साधं आहे, पण नेटानं करावं लागतं. चहा दुपारी चारनंतर बंद. उठायची वेळ रोज एकच, रात्र कशीही गेली तरी. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठा, मंद दिव्यात बसा, डोळे जड झाले की परत या. स्वयंपाकघरात बसू नका. झोपेची गोळी मनानं घेऊ नका, तिच्या गुंगीत लो झालेलं कळत नाही. पायांची आग होत असेल, मोठ्यानं घोरत असाल किंवा झोप जाऊन आठवडे उलटले असतील तर ते शुगरइतकंच ठळकपणे डॉक्टरांना सांगा.

खोलीवर किंवा होस्टेलवर राहत असाल तर सोबतच्या दोघांना एवढं शिकवून ठेवा: हा माणूस हाक मारून उठत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, साखरही नाही, पाणीही नाही. कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन करायचा. डॉक्टरांनी ग्लुकॅगॉन (शुगर वर आणणारं इंजेक्शन) दिलं असेल तर ते कुठे आहे आणि कसं टोचायचं हे आधी दाखवा. मोठ्या माणसाला १ मिलिग्रॅम लागतं. नंतर उलटी होऊ शकते, म्हणून शुद्ध येईपर्यंत कुशीवरच ठेवायचं.