जखम भरून आल्यानंतरचा टॅटू: या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांसाठी

टॅटूचे काम शिकू इच्छिणारे नवखे माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या मोबाइलमध्ये नुकत्याच पुऱ्या झालेल्या टॅटूंची छायाचित्रे असतात: काळा रंग दाट, कडा रेखीव, भोवतालची त्वचा किंचित लालसर. ती सगळी पाहून झाल्यावर मी एवढेच विचारते, की यातला एखादा टॅटू वर्षभरानंतर कसा दिसत होता ते दाखवा. बहुतेकांकडे तसे एकही छायाचित्र नसते. माझ्या उमेदवारीच्या काळात माझ्याकडेही नव्हते, आणि सुरुवातीच्या वर्षांत मी ज्या चुका केल्या त्यांपैकी बहुतेकांचे मूळ याच उणिवेत होते.

आपले माध्यम जिवंत आहे, हे आधी समजून घ्यावे लागते. सुई त्वचेत साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाते. त्वचेचा वरचा थर सतत झडत आणि नव्याने तयार होत असतो, त्यामुळे त्यात अडकलेली शाई काही आठवड्यांत निघून जाते. टिकते ती फक्त त्याखालच्या अंतस्त्वचेत पोचलेली. तिथे शरीराच्या संरक्षक पेशी शाईचे कण गिळून बसतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखवले, की या पेशी मेल्यावर सुटलेले कण तिथेच नव्याने आलेल्या पेशी पुन्हा गिळतात, आणि म्हणून टॅटू वर्षानुवर्षे जागचा हलत नाही. सुई उथळ गेली तर भरून आल्यावर रेघ तुटक दिसते. ती फार खोल गेली तर शाई खाली पसरते आणि रेघेभोवती निळसर सावली धरते. या दोषाला आम्ही ब्लोआउट म्हणतो.

मी तो पहिल्यांदा केला तेव्हा मला कळलाही नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला एक नाजूक वेल होती. काम संपले तेव्हा ती सुबक दिसत होती आणि ज्यांच्यासाठी केली त्या बाईही खूश होऊन गेल्या. तीन महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा वेलीच्या अर्ध्या देठाभोवती निळसर डाग उमटला होता. त्या रागावल्या नाहीत, फक्त हात पुढे करून म्हणाल्या, ‘हे असेच राहणार का?’ मनगटाची, फासळ्यांवरची किंवा घोट्याची त्वचा पातळ असते आणि मांडीवर चालणारा हाताचा दाब तिथे चालत नाही, हे मला तोवर ऐकून माहीत होते. मी पैसे न घेता देठाभोवती छटा भरून तो डाग झाकला, आणि त्या दिवसापासून भरून आलेल्या टॅटूंची छायाचित्रे ठेवू लागले.

उमेदवारीबद्दल बोलायचे तर, ज्यांच्याकडे मी शिकले त्यांनी पहिले आठ महिने मला मशीनला हात लावू दिला नाही. मी रोज चित्रे काढत असे, स्टेन्सिल म्हणजे त्वचेवर उमटवायचा चित्राचा ठसा उतरवत असे, टेबल पुसत असे आणि उपकरणे धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, लावत असे. तेव्हा मला हा वेळकाढूपणा वाटे. आज मात्र चित्रकला कच्ची असताना मशीन हाती घेणाऱ्याची मला धास्ती वाटते, कारण कागदावर डळमळणारी रेघ त्वचेवर स्थिर होत नाही. सरावासाठी मिळणारी कृत्रिम त्वचा उपयोगी आहे, पण ती ताणली जात नाही, सुजत नाही, श्वासाबरोबर हलत नाही. खरे तर मशीन धरणाऱ्या हाताइतकेच काम दुसऱ्या हाताला असते: त्वचा योग्य दिशेने घट्ट ताणून धरली नाही, तर उत्तम मशीनची सुईही उसळते आणि रेघ थरथरते. ही गोष्ट चित्रफिती पाहून कळत नाही. शिकवणाऱ्याने आपला हात धरून, किती ताणायचे ते दाखवावे लागते.

मशीनविषयी नवख्यांना फार कुतूहल असते, म्हणून थोडे सांगते. थॉमस एडिसन यांनी कागदपत्रांच्या प्रती काढण्यासाठी विजेवर चालणारी लेखणी तयार केली आणि १८७६ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्याच कल्पनेच्या आधारे सॅम्युअल ओरायली यांनी न्यूयॉर्कमध्ये १८९१ साली टॅटू मशीनचे पेटंट मिळवले. पुढे विद्युतचुंबकांची कॉइल मशीन रूढ झाली, आणि आता मोटरवर चालणारी, पेनच्या आकाराची, आवाज कमी करणारी रोटरी मशीन सर्रास दिसते. यांपैकी कोणतीही चालते. पहिल्याच वर्षी महागड्या चार मशीन घेण्यापेक्षा एकच बरी मशीन घ्यावी आणि रेघेसाठीचा लायनर, छटेसाठीचा शेडर आणि मोठी जागा भरण्यासाठीचा मॅग्नम या सुयांच्या जुडग्यांचा स्वभाव ओळखण्यात वेळ घालवावा. हाताचा वेग आणि मशीनचा वेग यांचा मेळ बसला नाही, तर सुई एकाच जागी वारंवार टोचून त्वचा फाडते, आणि फाटलेल्या त्वचेत शाई धरत नाही.

स्वच्छतेच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. हिपॅटायटिस ब चा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या पृष्ठभागावरही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. त्यामुळे मशीन हाती घेण्याआधी त्याची लस पूर्ण करावी. सुई आणि शाईची वाटी एका माणसासाठी एकदाच वापरावी, आणि वाटीत उरलेली शाई कधीही बाटलीत परत ओतू नये. पुन्हा वापरायची धातूची उपकरणे उकळून भागत नाही, कारण काही जिवाणूंची बीजुके उकळत्या पाण्यातही तग धरतात. त्यांना ऑटोक्लेव्हमधली १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफच लागते. एवढे सगळे पाळणारे लोकही हातमोजे घातलेल्या हाताने मोबाइल उचलतात. मी स्वतः हे केले आहे, आणि माझ्या गुरूंनी त्या क्षणी काम थांबवून मला सगळी मांडणी पहिल्यापासून करायला लावली होती.

शाईच्या बाटलीवरचा बॅच क्रमांक प्रत्येक कामाच्या नोंदीत लिहून ठेवावा. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या चार हजारांहून अधिक रसायनांवर निर्बंध घातले, त्यामुळे तिथल्या कलाकारांना रोजच्या वापरातले रंग बदलावे लागले. शिवाय ॲलर्जीची तक्रार लाल रंगाबाबत इतर रंगांपेक्षा अधिक आढळते, आणि ती कधी कधी काही महिन्यांनी सुरू होते. अशा वेळी आपण कोणती शाई वापरली हे डॉक्टरांना सांगता आले पाहिजे.

यापुढचे कौशल्य हातात नसून जिभेवर असते, आणि ते मला सर्वांत उशिरा आले. समोरचा माणूस बोटाच्या कडेवर अगदी बारीक अक्षरांत पूर्ण वाक्य मागतो, तेव्हा वर्षे जातील तशा रेघा रुंदावतील, अक्षरांतल्या पोकळ्या बुजतील आणि बोटाच्या कडेला तर शाई मुळातच नीट टिकत नाही, हे त्याला सांगावे लागते. तीळ झाकून टॅटू काढू नये, कारण त्या तिळात पुढे काही बदल झाला तर तो त्वचारोगतज्ज्ञांना ओळखता येत नाही. रक्त पातळ करणारी औषधे, गर्भारपण, मधुमेह आणि जखमेचे जाड वण उठण्याची प्रवृत्ती यांची चौकशी लाजू न देता करावी. दारू पिऊन आलेल्याला परत पाठवावे. सुरुवातीला नकार दिल्याने गिऱ्हाईक तुटेल अशी मला भीती वाटे. प्रत्यक्षात ज्यांना मी नाही म्हटले त्यांतले बरेच जण वेगळे, मोठे चित्र घेऊन परत आले.

पैशाचा हिशेब लावताना केवळ सुई चालते तेवढा वेळ मोजू नये. आराखडा, दुरुस्त्या, मांडणी आणि साफसफाई यांचे तास धरले नाहीत तर भरपूर काम असूनही हाती काही उरत नाही. पाठ, मान आणि मनगट यांचीही काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी. सलग सहा तास वाकून बसण्याची किंमत मी तिशीतच मोजली आहे.

नाव झाल्यावरही शिकणे चालू ठेवणारेच या क्षेत्रात दीर्घकाळ दिसतात. छापचित्रकलेचे शिक्षण घेतलेले अमेरिकी कलाकार डॉन एड हार्डी यांचा जम बसलेला असताना ते १९७३ मध्ये जपानमधल्या गुरूंकडे पारंपरिक पद्धत शिकायला गेले.

मी आजही प्रत्येकाला सहा आठवड्यांनी आणि मग वर्षाने एकदा बोलावते, खिडकीजवळच्या त्याच खुर्चीवर, त्याच उजेडात छायाचित्र घेते आणि तारखेसह ठेवते. शिकायला येणाऱ्यांना मी हा संग्रह पहिल्या दिवशी दाखवते. त्याच्या पहिल्या पानावर मनगटावरची ती वेल आहे.